एकोणऐंशी चिंचोके

"सही करा," भूपेंद्र म्हणाला.

"नाई करत," डोमाजी म्हणाला.

"काऊन?"

"ह्या कागदावर गाई दोन हजार चारशे एकोणपन्नास लिवल्या. आपल्या गाई एकोणऐंशी हायेत."

देवळीच्या धवलगंगा गोपालन संस्थेच्या कचेरीत, सन दोन हजार चारच्या सप्टेंबरात, एका सोमवारी सकाळी हा संवाद झाला. डोमाजी हा संस्थेचा मुख्य गोपालक. सव्वीस वर्षांची नोकरी आणि चौथीपर्यंतची शाळा. भूपेंद्र हा अध्यक्षांचा भाचा. नागपूरला कॉम्प्युटरचे क्लास चालवणारा, गळ्यात टाय आणि कमरेला मोबाइल लावून येणारा. अध्यक्ष पुंडलिकराव कापडाचं दुकान नोकरांवर सोडून आले होते आणि खुर्चीत रेलून पंख्याकडे पाहत होते. वीज गेलेली होती, पण पाहायचं कुठेतरी हवं.

चौथी व्यक्ती म्हणजे उज्वला. वय सव्वीस, शिक्षण एम.सी.ए., राहणार नालवाडी. रोज सकाळच्या बसने ती देवळीला यायची आणि संस्थेच्या एकुलत्या एका कॉम्प्युटरवर बसायची. आत्ता तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. तिच्या घरच्यांनी हे पाहिलं असतं तर सगळे हळूच दुसऱ्या खोलीत गेले असते.

"भूपेंद्रजी," ती म्हणाली, "मी मार्चमध्येच सांगतलं होतं."

"मॅडम, बेरीज कॉम्प्युटरनं केली हाये. कॉम्प्युटर बेरजेत चुकत नाई."

"बेरीज बरोबरच आहे. ती करायचीच नव्हती."

पुंडलिकराव पंख्यावरून खाली आले. "म्हंजे कसं? बरोबर हाये तं प्रॉब्लेम का हाये?"

आता हा प्रॉब्लेम काय होता हे कळायला मार्चपर्यंत मागे जावं लागेल. संस्थेची तीन ठिकाणं होती. देवळीच्या मोठ्या गोठ्यात अडतीस गाई, नालवाडीला चोवीस, गिरडला सतरा. तिन्हीकडे रोज संध्याकाळी दोन नोंदी व्हायच्या: गोठ्यात गाई किती आणि दूध किती. बारा वर्षांच्या अशा वह्या कपाटात होत्या आणि त्यातल्या चार उंदरांनी वाचून संपवल्या होत्या. पुंडलिकराव फेब्रुवारीत नागपूरला विदर्भ गोपालक महासंघाच्या अधिवेशनाला गेले, तिथे एका भाषणात त्यांनी 'डेटा वेअरहाउस', म्हणजे माहितीचं कोठार, हा शब्द ऐकला आणि तोच शब्द घेऊन घरी आले.

"आपल्याले थे पायजे," त्यांनी जाहीर केलं. "हिरालालकडं नाई."

हिरालाल म्हणजे शेजारच्या तालुक्यातल्या गोशाळेचे अध्यक्ष. त्यांच्याकडे, महासंघाच्या कॉम्प्युटरच्या यादीप्रमाणे, तीनशे गाई होत्या. ही गोष्ट पुंडलिकरावांना जेवताना आठवली तर ते दुसरी पोळी घ्यायचे नाहीत.

काम अर्थातच भाच्याला मिळालं. उज्वलाने फक्त वह्यांतले आकडे भरायचे, असं ठरलं. पण उज्वला हा विषय शिकून आलेली होती. असं काम मशीनवर सुरू होत नाही, कागदावर सुरू होतं, हे तिला तिच्या सरांनी तीन वर्षं घोकून घोकून शिकवलं होतं. नोंद कशाची, कोणत्या दिवसाची, कुठली, आणि पुढे लोक त्यातून काय विचारणार, याचा आधी नकाशा काढायचा. म्हणून ती वही घेऊन सगळ्यांकडे गेली आणि तुम्हाला या माहितीतून काय काय हवं आहे, असं तिने विचारलं. गिरडचा प्रेमदास म्हणाला, कोणती गाय कधी आटते थे सांगा. नालवाडीच्या वच्छलाबाई म्हणाल्या, कोणत्या महिन्यात चारा कमी पडते थे सांगा. पुंडलिकराव म्हणाले, हिरालालपेक्षा आपलं किती जास्त थे सांगा. डोमाजी म्हणाला, "मले कायले विचारता बाई, मले सगळं मालूम हाये."

त्याला खरोखरच मालूम होतं. डोमाजीची मोजायची रीत वेगळी होती. जनावरं आकड्याने मोजली की नजर लागते असं त्याची आई सांगायची, म्हणून तो तोंडाने कधी मोजायचा नाही. त्याच्याजवळ पत्र्याचे दोन डबे होते आणि त्यांत चिंचोके, गायीला एक. तिन्ही गोठ्यांत तीच रीत त्याने लावून दिली होती. संध्याकाळी एक गाय आत आली की एक चिंचोका या डब्यातून त्या डब्यात. शेवटची गाय आत, शेवटचा चिंचोका आत, झाला हिशेब. वहीत आकडा जायचा तो चिंचोक्यांचा. कालवड जन्मली की तो नवा चिंचोका धुऊन डब्यात टाकायचा. गाय गेली की तिचा चिंचोका काढून गोठ्यामागे पुरायचा. त्यातली नऊ झाडं चांगली उंच झाली होती आणि प्रत्येकाला गायीचं नाव होतं. उज्वलाने हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती डब्यांपाशी उकिडवी बसून राहिली. तीन वर्षं शिकून तिला जे कळलं होतं ते हा माणूस पत्र्याच्या डब्यात ठेवत होता.

तिने एका जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर नकाशा काढला. मध्ये मोठा चौकोन: 'रोजची नोंद'. त्यातून तीन फाटे: दिवस, ठिकाण, गाय. दिवसांचे महिने, महिन्यांचं वर्ष. ठिकाणांचा तालुका, तालुक्यांचा जिल्हा. आणि सभेत सगळ्यांना समजावं म्हणून तिने संस्थेच्याच पनीरचा अर्ध्या किलोचा ठोकळा ताटलीत ठेवला.

"हा ठोकळा म्हंजे आपली सगळी माहिती. असा कापला तर एक महिना निघतो." तिने एक काप काढला. "हा फेब्रुवारी. आणि असा आडवा कापला तर एक ठिकाण निघतं. हे गिरड."

"गिरड जरा फिकं हाये," पुंडलिकराव म्हणाले. त्यांनी ते खाल्लं होतं.

"आता महत्त्वाचं. दूध रोज नवं येतं, म्हणून दुधाची बेरीज दिवसांवरही होते आणि ठिकाणांवरही. गाय रोज नवी येत नाई. काल मोजलेलीच आज मोजतो. म्हणून गाईंची बेरीज ठिकाणांवर करायची, दिवसांवर करायची नाई." हे वाक्य तिने नकाशावर लाल शाईने लिहून खाली दोन रेघा मारल्या होत्या.

"मॅडम, आपण चित्रकलेचा वर्ग नाई घेऊन राह्यलो," भूपेंद्र हसून म्हणाला. "आकडा आला की बेरीज. सॉफ्टवेअरले काय गाय अन् काय दूध." त्याने नकाशा घेतला, चार घड्या घातल्या आणि प्रिंटरचं टेबल हलत होतं त्याच्या पायाखाली सरकवला. टेबल हलायचं थांबलं. तोपर्यंत पुंडलिकरावांनी फेब्रुवारीही संपवला होता.

आणि आता ऑगस्टचा तक्ता आला होता. एकोणऐंशी गाई, एकतीस दिवस. सॉफ्टवेअरने एकतीस संध्याकाळच्या गाई एकाखाली एक मांडून बेरीज मारली होती. खाली मुख्य गोपालकाच्या सहीसाठी ठिपक्यांची ओळ होती.

उज्वलाने हे सगळं त्या सोमवारी पुन्हा सांगितलं, या वेळी पनीरशिवाय. पुंडलिकरावांनी ऐकून घेतलं. ते काही खुळे नव्हते. आपल्या गाई अडीच हजार नाहीत हे त्यांनाही माहीत होतं. पण कागदावर तो आकडा छापून आला होता, आणि आपण तो सांगितला नव्हता, मशीनने सांगितला होता. त्यांच्या डोळ्यांपुढे हिरालालचा चेहरा आला.

"मी का म्हणतो," ते म्हणाले, "आता वरून मागतलं तं पाठवून देऊ. सही मागाहून लावू. महासंघात कोण एवढं पाह्यते?"

महासंघात पाहिलं. आठव्या दिवशी अभिनंदनाचं पत्र आलं. एवढं मोठं गोधन सांभाळणारी संस्था अवघ्या विदर्भात दुसरी नाही, असं महासंघाचे अध्यक्ष अण्णाजी यांनी कळवलं होतं. पुंडलिकरावांनी पत्राच्या पंचवीस झेरॉक्स काढल्या आणि त्यातल्या तीन, चुकून गेल्यासारख्या, हिरालालच्या पत्त्यावर पाठवल्या.

दहाव्या दिवशी वैरणीचे ट्रक आले. महासंघाने गाईंच्या संख्येप्रमाणे मदत म्हणून कडबा पाठवला होता. पहिला ट्रक आवारात रिकामा झाला, दुसराही झाला, सातव्या ट्रकनंतर गोठ्याची मागची भिंत दिसेनाशी झाली. अकराव्या दिवशी खोकी घेऊन जनावरांचे डॉक्टर आले. दोन हजार चारशे एकोणपन्नास लसी. डॉक्टरांनी तिन्ही गोठ्यांत मिळून एकोणऐंशी टोचल्या आणि बाकीच्या गाई कुठे आहेत असं विचारलं.

"चरायले गेल्या," पुंडलिकराव म्हणाले.

"कधी येतील?"

"थे त्याइच्या मनावर हाये."

उरलेल्या लसी थंड जागी ठेवायला हव्या होत्या, म्हणून पनीरचा फ्रीज रिकामा केला गेला, आणि फ्रीज भरला म्हणून पनीर करणं बंद झालं. एवढं झाल्यावरही पुंडलिकरावांना वाटत होतं की आपलं बरंच चाललं आहे.

मग चौदाव्या दिवशी दुसरं पत्र आलं. तेही महासंघाच्या कॉम्प्युटरनेच काढलं होतं. तुमच्या दोन हजार चारशे एकोणपन्नास गाईंनी ऑगस्टमध्ये नऊ हजार सातशे शहाण्णव लिटर दूध दिलं. म्हणजे गायीमागे महिन्याला अवघे चार लिटर. साधारण गाय दिवसाला चार लिटर देते. त्या मानाने दोन लाख त्र्याण्णव हजार आठशे ऐंशी लिटर दूध मधल्या मधे नाहीसं झालं आहे. मुख्य गोपालकाकडून लेखी खुलासा घ्यावा. समाधान न झाल्यास त्यास कामावरून कमी करावं. येत्या शनिवारी अण्णाजी स्वतः गाई मोजायला येतील.

डोमाजी दारात उभा होता. त्याच्या हातात चहाचा कप होता.

"पावणेतीन लाखाच्या वर दूध," भूपेंद्र म्हणाला. "डोमाजी, कोठी गेलं हे दूध?"

डोमाजीने कप पुढे केला. चहा कोरा होता. "मले दूध पचत नाई. जनमभर कोराच च्या पेतो. विचारा कोणालेही."

"थे ठीक हाये. पण खुलासा तं द्या लागन न."

"का देऊ? तुमी नसलेल्या गाई लिवल्या, अन् नसलेल्या गाईचं नसलेलं दूध मी पेलो?"

पुंडलिकराव खुर्चीत अस्वस्थ झाले. आकडा चुकला असं कळवावं, तर अभिनंदन, कडबा आणि हिरालालच्या तीन झेरॉक्स सगळं उलटं फिरणार. आकडा बरोबर आहे म्हणावं, तर दूध कुणीतरी प्यायला हवं. त्यांनी डोमाजीकडे पाहिलं आणि नजर खाली घातली. "शनिवारपर्यंत दोन्ही कागदावर सही करून दे डोमाजी," ते पुटपुटले. "आकड्याच्याही अन् खुलाशाच्याही. नाई तं मग माझ्या हातात काही नाई."

सही केली तर चोर, नाही केली तर घरी. सव्वीस वर्षं ज्याने एक चिंचोका इकडचा तिकडे होऊ दिला नव्हता त्याला हे सांगितलं गेलं. उज्वलाला त्या वेळी जे वाटलं त्याला राग हाच शब्द आहे, आणि तो तिने लपवला नाही.

"मॅडम, डोमाजीले कामावरून काढाची नोटीस टाइप करा," भूपेंद्र म्हणाला.

"नाई करत."

"तुमी इथं नोकरी करून राह्यल्या."

"आकडे भरायची. खोटे काढायची नाई." तिने की-बोर्ड उचलून त्याच्यापुढे ठेवला. "तुम्ही करा. तुमचं मशीन आहे."

भूपेंद्रने दोन बोटांनी नोटीस टाइप करायला घेतली. शेवटच्या ओळीपर्यंत तो पोचला आणि वीज गेली. वीज आल्यावर त्याने पुन्हा घेतली, पुन्हा गेली. तिसऱ्या वेळी त्याने ती हाताने लिहिली आणि त्याचं अक्षर कुणालाच लागेना, तेव्हा त्यानेच ती मोठ्याने वाचून दाखवली. डोमाजीने शांतपणे ऐकली.

"बाई," जाताना तो उज्वलाला म्हणाला, "तुमी कायले वाईट होता? माह्यं काय, पोरगा हाये हिंगणघाटले. तठी जाईन."

"आणि हे डबे?"

डोमाजी थांबला.

"कुठं जायचं नाई, डोमाजी काका," उज्वला म्हणाली. "शनिवारी डबे घेऊन बसजा."

शनिवारची तयारी भूपेंद्रने केली. शुक्रवारी नालवाडीच्या आणि गिरडच्या गाई ट्रकमध्ये घालून देवळीला आणल्या गेल्या. आवारात मांडव पडला. अण्णाजी मांडवात बसणार, गाई समोरच्या फाटकातून एकेक करून आत येणार, मांडवापुढून जाणार आणि कडब्याच्या गंजीमागे दिसेनाशा होणार. गंज एवढी मोठी होती की तिच्यामागे काय चाललं आहे ते कुणाला दिसणं शक्य नव्हतं. मागे वच्छलाबाई आणि प्रेमदास काठ्या घेऊन उभे राहणार, आणि गाई मागच्या वाटेने वळवून पुन्हा समोरच्या फाटकाशी आणणार.

"किती चकरा?" प्रेमदासने विचारलं.

भूपेंद्रने मोबाइलवर हिशेब केला. "एकतीस."

उज्वला तिथेच उभी होती. तिला हसू फुटलं आणि ते काही केल्या आवरेना. आठ-दहा दिवसांत ती पहिल्यांदा हसत होती.

"का झालं मॅडम?"

"काही नाई. तुमच्या सॉफ्टवेअरनं जे केलं तेच तुम्ही आता गाईंकडून करून घेऊन राह्यले. मला मार्चमध्ये हे सुचलं असतं तर पनीर तरी वाचलं असतं."

शनिवारी दहाला अण्णाजी आले. सत्तरीचे, जाडजूड, बोलायला मऊ. गळ्यात घालतील तो हार निमूटपणे घालून घेणारे. त्यांना झेंडूचा मोठा हार घातला गेला. फाटकाशी डोमाजी बसला, दोन्ही बाजूंना दोन डबे. नालवाडीचे आणि गिरडचे चिंचोकेही त्यात आले होते. त्याच्या सहीसाठीचे दोन कागद पुंडलिकरावांच्या खिशात तयार होते.

पहिली गाय आत आली. खण्ण. दुसरी आली. खण्ण. चांदी नावाची एक शिंग मोडलेली गाभण गाय मांडवाजवळ आली, थांबली, आणि तिने अण्णाजींच्या गळ्यातला हार अर्धा खाल्ला. सगळे हसले, अण्णाजीही हसले. त्यांना दुसरा हार घातला गेला. गाई जात राहिल्या. एकोणऐंशीवी गाय गेली, शेवटचा चिंचोका पडला, आणि डोमाजीने रिकामा डबा उलटा करून जमिनीवर ठेवला आणि तंबाखू मळायला घेतला.

फाटकातून पुन्हा गाय आली. भूपेंद्र पळत आला. "काका, टाका न."

"सरले."

"अन् ही?"

"ही कपिला. इचा पयलेच टाकला."

"मग खडे टाका."

"खडा म्हंजे गाय नाई होय, भूपेंद्रजी."

भूपेंद्रने स्वतःच मूठभर खडी घेतली आणि डब्यात टाकायला लागला. दुसऱ्या चकरेत चांदीने अण्णाजींचा दुसरा हार खाल्ला. तिसऱ्या चकरेपर्यंत हार संपले होते, म्हणून पुंडलिकरावांनी स्वतःच्या गळ्यातला काढून अण्णाजींना घातला, आणि चांदीने तोही नेला. चौथ्या चकरेला ती आली, हार नाही असं पाहून थबकली, आणि अण्णाजींचा हात चाटत उभी राहिली. काठीने ढोसलं तरी हलेना. तिच्यामागे साऱ्या गाई तुंबल्या. मागून प्रेमदासचा आवाज आला, "भूपेंद्रभाऊ, गाई थकल्या, बसून राह्यल्या. अजून सत्तावीस कशा होतीन?"

अण्णाजींनी चांदीच्या मोडक्या शिंगावरून हात फिरवला.

"पुंडलिकराव," ते म्हणाले, "हे गाय मले ओळखते असं वाटून राह्यलं."

"प्रेमळ हाये साहेब," पुंडलिकराव म्हणाले.

"चार वेळा?"

यावर पुंडलिकरावांनी सर्वांना चहाला आत चलायची विनंती केली.

कचेरीत अण्णाजी बसले तशी उज्वला पुढे झाली. कुणी तिला बोलावलं नव्हतं. ती वाकली आणि प्रिंटरच्या टेबलाच्या पायाखालचा कागद तिने ओढून काढला. टेबल एकीकडे कललं, प्रिंटर सरकला, भूपेंद्रने झेप घेऊन तो दोन्ही हातांनी धरला. पुढचा सगळा वेळ त्याला तो तसाच धरून राहावं लागलं, कारण सोडला असता तर पडला असता, आणि प्रिंटर धरून वाद घालणं त्याला जमेना.

उज्वलाने चार घड्या उलगडल्या आणि कागद अण्णाजींपुढे पसरला. लाल ओळ जशीच्या तशी होती. तिने पहिल्यापासून सगळं सांगितलं. मग डोमाजीला आत बोलावलं आणि त्याच्या डब्यातले चिंचोके कागदावर ओतले.

"ही काल संध्याकाळ. ही आज संध्याकाळ." तिने चिंचोके एका बाजूने दुसऱ्या बाजूला सरकवले. "चिंचोके तेच आहेत. वाढले का?"

"नाई," अण्णाजी म्हणाले.

"यांनी रोज नवे धरले. म्हणून गाई वाढल्या, आणि गाई वाढल्या म्हणून दूध चोरीला गेलं. या माणसानं काही चोरलं नाई. तुमच्याकडं आहे ती सगळी चोरी कागदावरची आहे."

अण्णाजींनी कागद पुन्हा एकदा पाहिला. त्यांना सगळं समजलं होतं, ते चेहऱ्यावर दिसत होतं. मग त्यांच्या चेहऱ्यावर दुसरंच काही दिसायला लागलं.

"हे सॉफ्टवेअर," त्यांनी सावकाश विचारलं, "आणखी कोणाकडं हाये?"

"महासंघात हाये साहेब," भूपेंद्र प्रिंटरमागून अभिमानाने म्हणाला. "अन् महासंघाच्या सगळ्याच्या सगळ्या साठ संस्थांत. मीच बसवलं."

अण्णाजींनी कपाळाचा घाम पुसला. मागच्याच महिन्यात त्यांनी भर सभेत व्यासपीठावरून सांगितलं होतं की महासंघाच्या छत्राखाली सव्वा लाख गाई आहेत. टाळ्या पडल्या होत्या. "बाई," त्यांनी आवाज खाली आणला, "सव्वा लाखाले एकतीसनं भागलं तं किती येतीन?"

"चार हजारांच्या थोड्या वर."

"अरे बापा." त्यांनी कागदावरचे चिंचोके बोटाने मागेपुढे सरकवले. मग अगदी मऊ आवाजात म्हणाले, "हिरालालच्या तीनशे म्हंजे किती?"

"दहासुद्धा नाई."

पुंडलिकरावांचा चेहरा एकदम उजळला. त्यांनी खिशातले दोन्ही कागद काढले, टराटरा फाडले आणि डोमाजीला आपल्या शेजारच्या खुर्चीवर बसायला सांगितलं. सव्वीस वर्षांत डोमाजी त्या खुर्चीवर पहिल्यांदा बसत होता.

"बेटा," अण्णाजी उज्वलाला म्हणाले, "हे सगळं बरोबर हाये. या माणसावर काही ठपका नाई, हे मी लिहून देतो. पण बाकीचं आपल्यापुरतंच ठेवू. हळूहळू दर महिन्याले थोड्या थोड्या गाई कमी दाखवू, कोणाले समजणार नाई."

"मी नाई दाखवत," उज्वला म्हणाली.

"ऐकून तं घे."

"ऐकलं. सप्टेंबरचा तक्ता एकोणऐंशीचा जाईल. तुम्हाला तुमचे सव्वा लाख ठेवायचे असतील तर ठेवा, पण त्यात आमच्या एकोणऐंशीच असतील."

अण्णाजींनी तिच्याकडे पाहिलं, मग चहाकडे पाहिलं, आणि शेरेबुकात लिहिलं: 'पाहणी केली. गाई पुष्कळ आहेत. गोपालक निर्दोष.' आणि ते निघून गेले. जाताना चांदीने त्यांना फाटकापर्यंत सोडलं.

सप्टेंबरचा तक्ता उज्वलाने स्वतः काढला. एकोणऐंशी. डोमाजीने ठिपक्यांच्या ओळीवर चौथीतल्या अक्षरात, एकेक अक्षर जपून, सही केली आणि ती वाळेपर्यंत फुंकत बसला.

ऑक्टोबरच्या मध्यात महासंघाचं पाकीट आलं. आत कॉम्प्युटरने काढलेली नोटीस होती आणि खाली अण्णाजींचा रबरी शिक्का. 'आपल्या संस्थेतील दोन हजार तीनशे सत्तर गाई एका महिन्यात कमी झाल्या आहेत. त्यांचं काय झालं, याचा खुलासा सात दिवसांत करावा.'

पुंडलिकरावांनी नोटीस वाचून डोक्याला हात लावला. भूपेंद्र त्या दिवशी नागपूरहून आलाच नाही. उज्वलाने मात्र खुर्ची पुढे ओढली आणि की-बोर्ड जवळ घेतला.

"डोमाजी काका, चिंचेखालून थोडे चिंचोके वेचून आणता? तुमच्या डब्यातले नोको. नवे."

"किती आणू?"

"एकोणऐंशी."

खुलासा एका ओळीचा झाला: 'एकोणऐंशी गाई सोबत पाठवत आहोत. रोज संध्याकाळी मोजाव्यात. बेरीज करू नये.' डोमाजी ओंजळभर चिंचोके घेऊन आला. ते धुतलेले होते. उज्वलाने टेबलावर मांडून मोजले आणि वर पाहिलं.

"हा एक जास्त आहे, काका."

"जास्त नाई होय. सकाळी चांदी व्याली. कालवड झाली." डोमाजीने तो चिंचोका बोटाने बाकीच्यांत ढकलला. "वर ऐंशी करा."

उज्वलाने तो पाकिटात टाकला.